सरकारी बाळंतविड्यातलं झबलं

प्रति,
मा. मंत्री, महिला व बालविकास विभाग,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

मंत्रीमहोदया,

हे पत्र 'बेबी केअर किट'बद्दल आहे. २०१९ मध्ये आपल्या विभागाने ही योजना सुरू केली. सरकारी दवाखान्यात नाव नोंदवून बाळंत होणाऱ्या पहिलटकरणीला दोन हजार रुपयांचा बाळंतविडा सरकारकडून, अशी ती योजना. कल्पना काही नवी नव्हती. तमिळनाडूने २०१५ मध्ये आणि तेलंगणाने २०१७ मध्ये अशी पेटी द्यायला सुरुवात केली होती. फिनलंडमध्ये तर गरीब आयांना १९३८ पासून आणि १९४९ पासून सगळ्याच आयांना ती मिळते. चांगल्या गोष्टीची नक्कल करायला लाज कसली? आपल्या जाहीर झालेल्या यादीत लहान गादी, टॉवेल, प्लास्टिकचा लंगोट, अंगाला लावायचं तेल, शाम्पू, थर्मामीटर, मच्छरदाणी, ब्लँकेट, नेलकटर, हातमोजे, पायमोजे, खुळखुळा असं बरंच काही होतं. शिवाय 'लहान मुलांचे कपडे'. माझं म्हणणं या तीन शब्दांपुरतं आहे. नेलकटर म्हटलं की ठेकेदाराला नेलकटरच द्यावा लागतो. 'लहान मुलांचे कपडे' म्हटलं की त्यात काहीही बसतं.

मी डहाणूला राहते आणि झबली, टोपडी, दुपटी शिवते. गिऱ्हाईक दोन तऱ्हेचं. बोर्डी-घोलवडच्या चिकूवाड्यांत सुट्टी घालवायला आलेली मुंबईची मंडळी कापड चिमटीत धरून विचारतात, "ऑरगॅनिक आहे का?" गंजाड, सायवन किंवा तलासरीकडच्या उधव्याहून आलेली बाई विचारते, "पावसात वाळंल का?" दोन्ही प्रश्न बरोबर आहेत. दुसरा जरा जास्तच बरोबर आहे. पुढच्या खरेदीच्या निविदेत हे दोन्ही प्रश्न विचारले जावेत, म्हणून हा पत्रप्रपंच.

आधी पावसाचं सांगते. जूनच्या मध्यापासून सप्टेंबरअखेरपर्यंत आमच्याकडे कापड वाळवणं हेच एक काम असतं. कुडाचं घर, आत चूल, चुलीवर बांधलेली दोरी आणि दोरीवर बाळुती. तान्हं मूल दिवसाला आठ-दहा बाळुती सहज ओली करतं. शहरातल्या दुकानात 'ऑरगॅनिक' म्हणून जे गुबगुबीत, दुहेरी विणीचं होजियरी कापड मिळतं, ते जुलैत इथे दोन दिवस वाळत नाही. अर्धवट ओलं कापड बाळाच्या जांघेत बांधलं की पुरळ ठरलेलंच. पॉलिएस्टर झटकलं की कोरडं. सुरतेचं कापड आठवडे बाजारात ढिगाने येतं, सिल्वासाच्या पॉलिएस्टर सुताच्या गिरण्या तलासरीहून फार लांब नाहीत, भाव कमी, रंग भडक, टिकायला दणकट. मग आई तेच उचलते. ती पॉलिएस्टर का घेते म्हणून तिला शहाणपण शिकवायला निघालेल्यांनी आधी जुलैत इथे येऊन एक जाड बाळुतं वाळवून दाखवावं.

पण जे पाणी पटकन सोडतं ते घामही पीत नाही. कापूस हवेतली ओल स्वतःच्या वजनाच्या साधारण आठ टक्के धरून ठेवतो, पॉलिएस्टर अर्धा टक्काही नाही. एप्रिल-मेच्या दमट उकाड्यात नायलॉनच्या जाळीचा फ्रॉक घातलेल्या पोरीची मान आणि पाठ घामोळ्यांनी कशी भरून येते, ते कोणतीही अंगणवाडी सेविका सांगेल. दुसरी गोष्ट त्याहून गंभीर आहे. आमच्याकडे बाळंतिणीजवळ शेगडी असते, रात्री विस्तव असतो. ठिणगी उडाली तर सुती कापडही पेटतं, ते काही जादूचं नाही. पण पॉलिएस्टर वितळतं आणि कातडीला चिकटतं.

यावर तोड जुनीच आहे: पातळ मलमल. ती पाणी पिते, वाऱ्यावर लवकर सुकते, चुलीच्या धगीवर तर तासाभरात. पूर्वी हा प्रश्न घरातच सुटायचा. आजीचं वापरून वापरून मऊ झालेलं लुगडं फाडायचं, त्याची बाळुती, त्याचीच झोळी, त्याचंच दुपटं. नव्या बाळाला नवं कोरं कापड घालू नये असा रिवाज महाराष्ट्रात बऱ्याच ठिकाणी होता आणि त्यात शहाणपण होतं. शेकडो वेळा धुतलेल्या त्या लुगड्यात ना खळ उरलेली असायची, ना रंग. आता आजीच्याच अंगावर पॉलिएस्टरची साडी आहे. ती फाडून काय करणार? जुनं सुती कापड घराघरांतून संपलं, ही या सगळ्यातली मूळ अडचण आहे, आणि तिची दखल कोणत्याही आरोग्य अहवालात घेतली जाणार नाही, कारण ती आजारात मोडत नाही. सरकारी बाळंतविड्याने ती जागा भरून काढली तर बाकी यादीत दोन वस्तू कमी असल्या तरी चालतील. शाम्पू नक्कीच कमी करा.

आता 'ऑरगॅनिक'कडे येते, कारण मुंबईचे लोक विचारतात तो प्रश्न उडवून लावण्यासारखा नाही. फक्त त्याचं उत्तर जाहिरातीत सांगतात तसं नाही. जाहिरात म्हणते, सेंद्रिय कापसाचं कापड बाळाच्या त्वचेला सुरक्षित, कारण त्यावर कीटकनाशक फवारलेलं नसतं. खरं पाहता कापूस पिंजून, कातून, विणून, उकळून, ब्लीच होऊन झबल्यापर्यंत पोचतो तोवर शेतातल्या फवारणीचा अंश त्यात जवळजवळ राहत नाही. फवारणी ज्याच्या अंगावर राहते तो माणूस वेगळा. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले आणि शेकडो दवाखान्यांत दाखल झाले. ते बाप होते, काका होते. पाठीवर पंप, तोंडाला फडकं, अंगावर साधा सदरा, आणि संध्याकाळी तोच सदरा घरातल्या धुण्यात. सेंद्रिय कापसाचा पहिला लाभ त्या घरातल्या लेकराला होतो; झबलं घालणाऱ्या बाळाला नंतर, आणि थोडा. मला विचाराल तर ते घेण्याला हे कारण पुरेसं आहे. फक्त तेवढंच कारण सांगून ते घ्यावं.

आणि कपड्यावरच्या 'ऑरगॅनिक' लिहिलेल्या चिठ्ठीवर भिस्त ठेवू नये. आपल्या देशात सेंद्रिय उत्पादनाचा राष्ट्रीय कार्यक्रम २००१ पासून आहे. कापडासाठी जगभर चालणारं 'गॉट्स' हे प्रमाणपत्र आहे. त्यात किमान ९५ टक्के धागा सेंद्रिय असेल तरच कापडाला 'ऑरगॅनिक' म्हणता येतं आणि ७० टक्के असेल तर 'सेंद्रिय धागा वापरून केलेलं' एवढंच. जगात सर्वाधिक सेंद्रिय कापूस भारतात पिकतो, ही अभिमानाची गोष्ट. पण २०२० मध्ये याच प्रमाणपत्रवाल्यांनी जाहीर केलं की भारतातला सुमारे २० हजार टन कापूस बनावट कागदांवर सेंद्रिय म्हणून खपवला गेला, आणि अकरा कंपन्यांवर बंदी घातली. नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा! शिवाय देशात २००२ मध्ये बीटी कपाशीला परवानगी मिळाली आणि आज कपाशीखालच्या जमिनीत दहातले नऊ भाग तीच आहे. सेंद्रियात बीटी चालत नाही. म्हणजे ज्याला सेंद्रिय पिकवायचं त्याची झुंज बियाणं मिळवण्यापासून सुरू होते, वर किमान दोन वर्षं रूपांतराच्या काळात उत्पन्न घटलेलं आणि भाव मात्र साध्या कापसाचाच. अशा शेतकऱ्याला खात्रीचं गिऱ्हाईक मिळालं तर तो टिकतो. राज्य सरकारइतकं खात्रीचं गिऱ्हाईक दुसरं कोण आहे?

माल कुठून आणायचा हा प्रश्न आपले अधिकारी विचारतील. विदर्भात आहे की. 'चेतना ऑरगॅनिक' २००४ पासून तिथल्या कोरडवाहू शेतकऱ्यांबरोबर काम करते आहे. वर्ध्याचं मगन संग्रहालय, ज्याचं उद्घाटन १९३८ मध्ये गांधीजींनी केलं, ते आज सेंद्रिय कापसाची, नैसर्गिक रंगांची खादी विणून घेतं. दोन हजारांच्या किटमध्ये सगळंच खादीचं बसणार नाही, हे मलाही कळतं. मी रोज कापडाचा भाव करते. पण नवजात बाळाचं झबलं किती मोठं असतं? अर्ध्या मीटर मलमलीत, पन्हा नीट असेल तर, दोन झबली निघतात आणि उरलेल्या पट्टीतून त्यांचे बंद. बाळाच्या मापाला महाग कापडही स्वस्त पडतं. खर्च वाढतो तो खोक्यावरच्या छपाईने.

कातडीला खरा त्रास होतो तो विणून झाल्यावर कापडावर जे चढवलं जातं त्याने. मागावर धाग्याला खळ असते. इस्त्रीची घडी मोडू नये म्हणून जे संस्कार होतात त्यांत फॉर्मल्डिहाइड असू शकतं. जपानने दोन वर्षांखालच्या बाळांच्या कपड्यांत ते सापडताच कामा नये असा नियम १९७० च्या दशकातच केला. आपल्याकडे बेंझिडीन आणि ॲझो गटातल्या ११२ रंगांवर १९९० च्या दशकात बंदी आली. पण आठवडे बाजारातल्या लाल-हिरव्या अंगड्याचा रंग पहिल्याच धुण्यात बादलीत उतरतो तेव्हा तो कोणत्या यादीतला, हे कोण तपासणार? बाळ तर बाही चोखत असतं. म्हणून माझा आग्रह सोपा आहे: रंग नको, ब्लीच नको, कडक फिनिश नको, आणि कापड वाटण्याआधी गरम पाण्यातून खळ काढून धुतलेलं असावं. मांजरपाटासारखं पांढुरकं झबलं दिसायला साधं असतं. आज्यांना ते आवडणार नाही, पाचवीला लाल-हिरवं हवं असतं. ते त्या हौसेनं आणतीलच. पण किटमधलं पहिलं झबलं पांढुरकं असण्याचा आणखी एक उपयोग आहे: बेंबीतून पाणी-पू आला तर डाग लगेच दिसतो, आणि अंगाचा पिवळेपणा झाकला जात नाही. पिवळ्या कपड्यात कावीळ ओळखायला चुकते, हे जाणत्या नर्सबाई सांगतात. बाळाच्या घरी तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या दिवशी जाणाऱ्या आशाताईला तेवढीच मदत.

कावीळ म्हटल्यावर ज्यासाठी हे पत्र खरं तर लिहायला घेतलं ते सांगते: डांबरगोळ्या.

पहिल्या बाळाचे कपडे दुसऱ्यासाठी जपून ठेवायची आपल्याकडे रीत आहे, आणि ती चांगली आहे. पत्र्याच्या पेटीत कपडे, आणि कसर-झुरळं लागू नयेत म्हणून त्यात डांबरगोळ्या. दुकानात, गोदामातही तेच. डांबरगोळी म्हणजे बहुधा नॅप्थलीन. काही माणसांच्या रक्तात 'जी-सिक्स-पीडी' नावाचं एक विकर जन्मतःच कमी असतं. एरवी त्यांना सहसा कसलाही त्रास नसतो. पण नॅप्थलीनचा वास किंवा स्पर्श झाला की त्यांच्या तांबड्या पेशी फुटू लागतात. मोठ्या माणसाला अशक्तपणा येतो. नवजात बाळाला इतकी कावीळ चढू शकते की ती मेंदूवर जाते, बाळ दगावतं किंवा कायमचं बहिरं, अपंग होतं. हे वैद्यकाला अनेक दशकं माहीत आहे, आणि त्यातल्या कितीतरी नोंदी नेमक्या डांबरगोळ्यांत ठेवलेल्या दुपट्यांच्या आणि लंगोटांच्याच आहेत. नॅप्थलीन तेलात विरघळतं. म्हणजे तेल चोळून न्हाऊ घातलेल्या बाळाला असं कापड गुंडाळलं तर ते अंगात जायला वाट अधिकच मोकळी. हा दोष मुलग्यांत जास्त दिसतो, आणि पश्चिम भारतातल्या अनेक आदिवासी समाजांत त्याचं प्रमाण इतरांहून जास्त आढळलेलं आहे. २०११ च्या जनगणनेत तलासरी तालुक्यात दर दहा माणसांत नऊ आदिवासी होते. सिकलसेल या रक्ताच्या दुसऱ्या दोषाच्या तपासणीला २०२३ च्या राष्ट्रीय मोहिमेने जोर आला, बरं झालं. पण सिकलसेलच्या तपासणीत हा दोष कळत नाही. ती तपासणी वेगळी.

तेव्हा सांगा, तलासरीच्या एखाद्या पाड्यावर जन्मलेल्या मुलग्याला जगातलं सर्वांत शुद्ध सेंद्रिय झबलं घातलं, पण ते गोदामात डांबरगोळ्यांच्या पेटीशेजारी सहा महिने पडून होतं, तर त्या शुद्धतेचं काय करायचं? प्रमाणपत्र शेताचं असतं, गिरणीचं असतं. गोदामाचं नसतं. म्हणून किटच्या साठवणुकीत, वाहतुकीत, तालुक्याच्या खोलीत, अंगणवाडीच्या कपाटात कुठेही डांबरगोळी असता कामा नये, अशी अट लेखी हवी. आणि किटमध्ये एक जाड कागदाची चिठ्ठी हवी, चित्रासह: बाळाच्या कपड्यांत डांबरगोळी नको, उन्हात वाळवा, पेटीत कडुनिंबाचा वाळलेला पाला ठेवा, धुऊनही तो वास गेला नाही तर ते कापड बाळाला नको. ही चिठ्ठी छापायला काय खर्च येतो? डहाणूला भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेचं ग्रामीण आरोग्य संशोधन केंद्र आहे. चिठ्ठीचा मजकूर तिथल्या डॉक्टरांकडून तपासून घ्या. माझ्यावर विसंबू नका.

कुणी म्हणेल, जिथे मुलं कुपोषणाने दगावतात तिथे झबल्याची चर्चा ही चैन आहे. मला हा युक्तिवाद कळतो, पण पटत नाही. अडीच किलोहून कमी वजनाचं बाळ स्वतःची ऊब धरू शकत नाही. थंड पडलेलं बाळ चोखत नाही, चोखत नाही म्हणून वाढत नाही. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गडचिरोलीत घरोघरी नवजात बाळांची काळजी घेण्याचा जो प्रयोग केला, त्यात थंड पडलेल्या बाळासाठी उबदार पिशवी आणि ब्लँकेट हे औषधांच्या बरोबरीने होतं. १९९९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये त्याचे निष्कर्ष आले: नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी. आज देशभरच्या आशाताईंच्या झोळीत जे ब्लँकेट आहे ते त्याच वाटेने आलेलं आहे. ते आपल्याच राज्यातून देशाला मिळालं, हे मुद्दाम सांगते. कोलंबियात १९७८ मध्ये सुरू झालेली कांगारू पद्धत, म्हणजे बाळाला आईच्या उघड्या छातीशी कातडीला कातडी लावून ठेवणं, तीही आता सगळीकडे शिकवली जाते. पण त्यासाठी झबलं पुढून उघडणारं हवं. डोक्यातून घालायचा बनियन काढता-घालताना बाळ गारठतं, आणि बाळाला धरायला घाबरणारी, बाळंत होऊन पंधरवडाच झालेली आई तो धड घालूही शकत नाही.

शिवणारीच्या नात्याने आणखी थोडं सांगते, कारण निविदा लिहिणाऱ्यांना हे बहुधा कुणी सांगत नाही. बाजारातले तयार कपडे ज्या मापाने कापतात त्यात आमच्याकडचं दोन-सव्वादोन किलोचं बाळ अक्षरशः हरवतं. गळ्यातून वारा आत जातो आणि ऊब राहत नाही. दोन मापं लागतील. शिवण बाहेरच्या बाजूला हवी, आत नको. टिचबटण नको, बंद हवेत: बटण गंजतं, तुटतं, बाळाच्या तोंडात जातं, बंद सैल-घट्ट करता येतात म्हणून तेच झबलं तीन महिने पुरतं. बंद आखूड मात्र ठेवा, गळ्याभोवती फिरतील इतके लांब नकोत. हातमोजे शक्यतो वगळाच. स्वस्त मोज्याच्या आत सुटलेला दोरा असतो, तो बाळाच्या बोटाला गुंडाळला जातो आणि बोट काळंनिळं पडेपर्यंत आईला कळत नाही. प्लास्टिकचा लंगोटही वगळा. पाड्यावर कचरागाडी येत नाही. तो ओढ्यात जातो नाहीतर चुलीत. त्याऐवजी मलमलीची दोन डझन बाळुती द्या. हिवाळ्यासाठी एक सुती फ्लॅनेलचं दुपटं आणि कानटोपी. पूर्वेकडच्या डोंगरपट्ट्यात जानेवारीच्या रात्री डहाणूच्या किनाऱ्यासारख्या नसतात.

आणि एक हात जोडून विनंती: झबल्यावर वारली चित्रं छापू नका. आमच्याकडे सरकारी काहीही आलं की त्यावर तारपा नाचणारी माणसं असतातच, संडासाच्या भिंतीवरसुद्धा. वारली चित्रकार जिव्या सोमा म्हशे याच डहाणू तालुक्यातले, त्यांच्या चित्रांचा आम्हाला अभिमान आहे. पण बाळाच्या छातीवर रबरासारखा कडक छाप कशाला? त्यातून घाम जात नाही.

शिवायचं कुणी, हा शेवटचा आणि माझ्या मते सर्वांत अवघड भाग. कापड वाटण्याचा इतिहास या जिल्ह्यात फार जुना नाही, पण बोलका आहे. अंत्योदय कार्डावर वर्षाला एक साडी देण्याची योजना राज्याने आणली, आणि २०२४ च्या एप्रिलमध्ये पालघर जिल्ह्यातल्या आदिवासी बायकांनी त्या साड्या तहसील कचेरीत नेऊन परत केल्या. सुरुवात जव्हारपासून झाली. साडी नको, हाताला काम द्या, शाळा-दवाखाने नीट चालवा, असं त्यांचं म्हणणं होतं. १९४५ मध्ये तलासरीजवळच्या झरीत वेठबिगारीला नकार देणाऱ्या वारल्यांच्या या लेकी-नाती. त्यांना फुकटचं गळ्यात मारता येत नाही. तेव्हा बाळंतविडा वाटायचा असेल तर तो इथल्याच हातांनी शिवलेला असू द्या. महिला आर्थिक विकास महामंडळ आपल्याच विभागाचं आहे, १९७५ पासूनचं. डहाणू-तलासरीत बचत गट आहेत, शिवणयंत्रं आहेत, उंबरगावच्या कारखान्यांत पाळीवर जाण्यापेक्षा घराजवळ काम हवं असणाऱ्या मुली आहेत.

इथे एक धोका आहे आणि तो आपल्याला माझ्याहून जास्त ठाऊक असणार. २०२४ मध्ये 'एक राज्य, एक गणवेश' म्हणून कापडाची खरेदी एकाच ठिकाणी झाली, शिलाई बचत गटांकडे गेली. मुलांना गणवेश उशिरा मिळाले, मापं चुकली, आणि वर्षअखेरीस निर्णय फिरवून अधिकार पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांकडे द्यावे लागले. त्यात दोष शिवणाऱ्या बायकांचा नव्हता. आधीच कापलेले तुकडे हातात आले की शिवणारी मापात काही करू शकत नाही. गणवेशाची तारीख १५ जून अशी ठरलेली असते, झबल्याला तशी तारीख नाही. बाळं वर्षभर जन्मतात. म्हणूनच हे काम थोडं-थोडं, तालुक्याला, कायम चालू राहील असं करता येतं. अख्खे तागे द्या. कागदी नमुना द्या. शिलाईचे पैसे महिन्याच्या महिन्याला द्या, नाहीतर तिसऱ्या महिन्यात यंत्रावर बसायला कुणी उरणार नाही. पैसे थकल्यावर गट कसे मोडतात ते मी जवळून पाहिलं आहे.

सगळ्या राज्यात एकदम करू नका. डहाणू आणि तलासरी या दोनच तालुक्यांत करून बघा. दोन्ही पूर्ण अनुसूचित क्षेत्रातले, डहाणूला आदिवासी विकास प्रकल्पाचं कार्यालय, डहाणू आणि कासा इथे उपजिल्हा रुग्णालयं, तलासरीला ग्रामीण रुग्णालय. राज्याने इथून याआधीही शिकलेलं आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीत आणि १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर जे केलं, शाळेत न येणाऱ्या मुलांच्या अंगणातच बालवाडी नेली, तेच पुढे आपल्या विभागाच्या अंगणवाड्यांत दिसतं. त्या मोठ्या बाया होत्या, मी फक्त झबली शिवते. पण पाड्यावर जाऊन, तिथल्या आईला विचारून मग ठरवायचं, ही त्यांची रीत कापड खरेदीलाही लागू पडते.

पुढची निविदा निघेल तेव्हा 'लहान मुलांचे कपडे' ही ओळ खोडून तिथे एवढं लिहा: सेंद्रिय कापसाची, बिनरंगी, खळ काढून धुतलेली पातळ मलमल, पुढून बंदाची झबली, दोन मापांत, दोन डझन बाळुती, शिलाई त्याच तालुक्यात, साठवणुकीत डांबरगोळी नाही. सेंद्रिय कापड या वर्षी जमत नसेल तर साधं सुती घ्या, पण बाकीच्या अटी सोडू नका. आणि काहीच जमत नसेल तर निदान डांबरगोळीची ती चिठ्ठी या पावसाळ्याआधी प्रत्येक उपकेंद्राच्या आणि अंगणवाडीच्या भिंतीवर लावा. त्याला ना निविदा लागते, ना मंत्रिमंडळाची मंजुरी.

आपली,
डहाणूतली एक शिवणकाम करणारी